सोलापूरचा माणूस आणि कोकणची आगबोट : वालचंद हिराचंद यांची गोष्ट

भाट्ये : आज भाट्येच्या पुलावरून आंब्याचा टेम्पो रात्री निघाला की सकाळी वाशी मार्केटला. पणजोबांच्या काळात मुंबईचा रस्ता समुद्रातूनच होता. आगबोट लांब पाण्यात उभी राहायची आणि माणसं, पेट्या, बोजे होडीने तिच्यापर्यंत न्यायचे. पावसाळा लागला की बोट बंद. त्यामुळे बागायतदार असो की चाकरमानी, सगळ्यांचा हिशोब बोटीच्या तारखेवर. या बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी १९३९ साली सिंदिया कंपनीकडे आली. सिंदियाचे सूत्रधार होते वालचंद हिराचंद.

गंमत अशी की वालचंदशेठ ना कोकणातले, ना दर्यावर्दी. २३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापूरच्या व्यापारी जैन घरात त्यांचा जन्म झाला. कॉलेज अर्धवट सोडलं. कापूस आणि सावकारीच्या घरच्या धंद्यात मन रमेना. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी ठेकेदारी सुरू केली. पहिलं काम बार्शी लाईट रेल्वेचं, येडशी ते तडवळे. खडी, रूळ, मजूर आणि मजुरांचं धान्य, यातलं एक जरी वेळेवर आलं नाही तरी बाकीचे बसून राहतात, हे ते तिथेच शिकले असणार.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या सिंदिया महाराजांची बोट विकायला असल्याचं त्यांना कळलं. नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन त्यांनी ती घेतली. कंपनीला नाव सिंदियांचं, बोटीचं नाव लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली.

खरी अडचण पुढेच होती. बोट घेता येते, पण ती भरायला माल लागतो, आणि येताना रिकामी आली तर कोळशाचा खर्चही अंगावर. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडली. त्यातही त्यांची एक युक्ती जबर होती. ठरावीक मुदतीत सगळा माल आमच्याच बोटीने पाठवा, मग भाड्यातली काही रक्कम परत देऊ. एकदा जरी दुसऱ्याच्या बोटीने पाठवलात तर ती बुडाली. दलालाकडून आगाऊ उचल घेतलेल्या बागायतदाराला हे वेगळं समजावायला नको. व्यापारी मनातून स्वदेशी असला तरी पैसे अडकलेले, मग जाणार कुठे?

१९२३ मध्ये सिंदियाला इंग्रज कंपनीशी दहा वर्षांचा करार करावा लागला. किती टनांच्या बोटी ठेवायच्या यावर बंधन आलं. वालचंदशेठना तो करार कायम सलत राहिला. पण तो झाला नसता तर कंपनी जगली असती का, हाही प्रश्नच. तुतिकोरीनची चिदंबरम पिल्लेंची स्वदेशी बोट कंपनी अशाच भाडेयुद्धात संपली होती.

एकीकडे त्यांचं जमिनीवरचं कामही चालू होतं. मालेगाव तालुक्यात रावळगावला माळरान घेऊन त्यांनी ऊस लावला, १९३३ ला तिथेच साखर कारखाना काढला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं केलं. ऊस तोडला की उतारा घसरायला लागतो, म्हणून शेत आणि कारखाना शेजारी-शेजारी. वालचंदनगरला ऊस आणायला शेतातून छोटी रेल्वेसुद्धा होती. पुढे साखर कारखान्याची यंत्रंही तिथेच बनू लागली.

बोटींच्या बाबतीतही तेच. विकत घेतलेल्या बोटींवर किती दिवस भागवायचं, म्हणून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज कारखान्याचा पाया घातला. महायुद्धाने काम रखडलं. अखेर १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते तिथलं जलउषा जहाज पाण्यात उतरलं.

दुसऱ्याच वर्षी वालचंदशेठना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला वारले. लॉयल्टी निघाली तो ५ एप्रिल १९६४ पासून देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.