दोन लिंबं आणि मूठभर पाला

आमच्या भिशीत हल्ली पैशांपेक्षा रसाचा हिशेब जास्त होतो. एकीच्या जावेनं हप्त्यावर रस काढायचं मोठं यंत्र घेतलंय. दुसरीचे मिस्टर सकाळी फिरून येताना बागेच्या दाराशी कारल्याचा रस पिऊनच घरी येतात. कुणाकडे दुधी, कुणाकडे गव्हांकुर, कुणाकडे गाजर-बीट. असं बोलता बोलता एकीनं मला विचारलं, की कच्च्या भाज्यांचं आणि रसाचं हे वेड आत्ताचंच, की पूर्वीही कुणी करून पाहिलं होतं?

मला एकदम आठवले ते गांधीजी. आपण त्यांना चरख्यासाठी ओळखतो, मिठासाठी ओळखतो. पण आयुष्याची साठ वर्षं हा माणूस स्वतःच्या ताटावर प्रयोग करत होता. काय खाल्लं, किती खाल्लं, त्यानं पोटाचं काय झालं, सगळं लिहून ठेवत होता. मैत्रिणींनो, आज त्यांची गोष्ट सांगते, पण स्वयंपाकघराच्या दारातून.

२ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरला मोहनदासचा जन्म झाला. आई पुतळीबाई मोठ्या व्रतवैकल्यांच्या. एका चातुर्मासात त्यांनी सूर्यदर्शन झाल्याशिवाय जेवायचं नाही असा नेम धरला होता. पावसाळ्याचे दिवस. मुलं अंगणात आकाशाकडे डोळे लावून उभी राहायची आणि सूर्य दिसला की आईला सांगायला आत धावायची. आई बाहेर येईपर्यंत तो पुन्हा ढगाआड. मग त्या माउली हसतमुखानं परत कामाला लागायच्या. खाण्यावर ताबा ठेवण्याचा पहिला धडा मोहनदासला मिळाला तो इथे, आईकडून.

१८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला ते लंडनला निघाले, तेव्हा वय एकोणीसही पूर्ण नव्हतं. मांस, मद्य आणि परस्त्रीला शिवणार नाही, असं आईला वचन दिलेलं. तिकडच्या घरमालकिणीला या पाहुण्याला घालायचं काय, हेच कळेना. सकाळी ओटची लापशी मिळायची तेवढं बरं. एरवी नुसता उकडलेला पालक आणि पाव. दोन-तीन तुकड्यांच्या वर पाव मागायची लाज वाटायची. भूक तशीच. शहरभर पायपीट करताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खाणावळ सापडली आणि इंग्लंडला आल्यापासून पहिल्यांदा ते पोटभर जेवले. तिथेच एक शिलिंग देऊन हेन्री सॉल्ट या लेखकाचं शाकाहारावरचं पुस्तक घेतलं. तोपर्यंत ते आईच्या वचनासाठी शाकाहारी होते, ते वाचल्यावर स्वतःच्या मनानं झाले.

पुढची गोष्ट मला फार आवडते. घरून मागवलेली मिठाई, मसाले त्यांनी बंद केले आणि थोड्याच दिवसांत तोच बेचव उकडलेला पालक त्यांना गोड लागायला लागला. चव जिभेत कमी आणि मनात जास्त असते, हे त्यांना तेव्हा कळलं. आपली मुलं गाजर, काकडी पाहून नाक मुरडतात ना, त्यांनाही हे लागू आहे. सवयीनं जीभ वळते, पण वेळ द्यावा लागतो.

१८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि प्रिटोरियाला असताना ऑगस्टमध्ये त्यांनी पूर्ण कच्च्या अन्नाचा प्रयोग सुरू केला. चूल बंद. भिजवलेले गहू, डाळी, फळं, सुकामेवा. रोजची नोंद वहीत. पण दात दुखायला लागले, अशक्तपणा आला, भूक काही भागेना. दोनेक आठवड्यांत त्यांनी प्रयोग थांबवला आणि तसं छापूनही टाकलं. इतरांना सांगण्याआधी स्वतःवर करून पाहायचं, आणि नाही जमलं तर नाही जमलं म्हणायचं, ही त्यांची पद्धत.

जोहान्सबर्गच्या घरात त्यांनी पिठासाठी सात पौंडांचं हातजातं आणलं. लोखंडी चाक जड, एकट्याला ओढायचं नाही, दोघांना सहज ओढायचं. गांधीजी, त्यांचे मित्र पोलक आणि मुलं रोज दळायची. कस्तुरबा कधीमधी हात लावायच्या, कारण नेमकी तीच वेळ त्यांची स्वयंपाकाला लागण्याची. वाचताना मी या ओळीवर थांबले. घरात ताजं, सकस खायचं ठरलं की ते काम एका बाईच्या डोक्यावर आलंच पाहिजे असं नाही. त्या घरात बॅरिस्टरसाहेब स्वतः जात्यावर बसत होते.

पण म्हणून सगळं गोडगोड होतं असंही नाही. त्यांच्या प्रयोगांची झळ बांनाही लागली. दक्षिण आफ्रिकेतच बांना रक्तस्रावाचं दुखणं लागलं. डर्बनला शस्त्रक्रिया झाली, पण पुढे त्रास उलटला. गांधीजींनी सुचवलं, की मीठ आणि डाळी सोडून पाहा. बा काही ऐकेनात. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या, की असं कुणी तुम्हाला सांगितलं तर तुम्हालाही सोडता यायचं नाही. झालं! गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. बांना फार वाईट वाटलं, त्यांनी परोपरीनं विनवलं, पण शब्द मागे घेतला गेला नाही. मग बांनीही सोडलं आणि त्यांना बरं वाटलं. आज मात्र कुणी असा रक्तस्राव अंगावर काढू नका. त्याला पथ्य पुरत नाही, आधी डॉक्टर.

१९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभं राहिलं. अकराशे एकर जमीन आणि संत्री, जर्दाळू, प्लमची झाडंच झाडं. १९१२ मध्ये तिथे त्यांनी दूध सोडलं. केळी, खजूर, लिंबू, शेंगदाणे आणि ऑलिव्हचं तेल, एवढ्यावर ते काही वर्षं राहिले. ते मानवलंही. पण १९१८ मध्ये खेड्याच्या सत्याग्रहानंतर भारतात त्यांना आमांशानं इतकं गाठलं, की ते मरणाच्या दारातून परत आले. डॉक्टर म्हणाले, दुधाशिवाय अंगात ताकद भरायची नाही. यांचं तर दूध न पिण्याचं व्रत! गाई-म्हशींचे हाल करून दूध काढतात म्हणून घेतलेलं. तेव्हा खाटेशी उभ्या असलेल्या बांनी वाट काढली, की मग शेळीचं दूध घ्यायला काय हरकत आहे? आणि जगप्रसिद्ध झालेली ती शेळी अशी एका बायकोच्या व्यवहारी बुद्धीतून गांधीजींच्या आयुष्यात आली. व्रताचा शब्द पाळला, पण अर्थ सुटला, ही खंत मात्र त्यांना कायम राहिली.

कच्च्या अन्नाची ओढ काही सुटली नव्हती. १९२९ मध्ये साबरमतीला त्यांनी आश्रमातल्या काही जणांना घेऊन पुन्हा बिनचुलीचा प्रयोग केला. पुन्हा पोट बिघडलं, पुन्हा थांबवला. मग उरलं काय? १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत असताना त्यांनी जे केलं त्यात ते उत्तर आहे. सगळं जेवण कच्चं करण्याचा हट्ट नाही, पण ताटात थोडा कच्चा पाला रोज. मोहरीची पानं, शेपू, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, जो आपण निवडताना सरळ बाजूला टाकतो, तो धुऊन, चिरून ते खात. दात राहिले नव्हते तेव्हा किसून, वाटून. त्यावर त्यांनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात लिहिलंही. सोबत कडुनिंबाच्या पाल्याची चटणी, जी पाहुण्यांनाही चुकायची नाही!

१९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथे त्यांनी आरोग्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. बैठं काम करणाऱ्यानं दिवसाला काय खावं, याचं मापच त्यात दिलंय. धान्य आणि दूध तर आहेच, शिवाय पालेभाजी तीन औंस, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम. इतर भाज्या पाच औंस, म्हणजे १४० ग्रॅम. आणि कच्ची भाजी किती? फक्त एक औंस! जेमतेम २८ ग्रॅम. मूठभर पाला. त्याच्या जोडीला रोज दोन लिंबं, रस भाजीवर पिळून नाहीतर पाण्यातून, गार किंवा गरम. जन्मभर कच्च्या अन्नाचा ध्यास घेतलेला माणूस शेवटी एवढ्याशा मापावर आला.

याच वास्तूत १० फेब्रुवारी १९४३ ला त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. नुसतं पाणी पोटात ठरेना तेव्हा त्यात मोसंबीचा रस घातला, आणि त्यांचा जीव वाचला. ३ मार्चला उपोषण सुटलं ते बांनी हातात दिलेल्या संत्र्याच्या रसानं. वर्षभरानं, २२ फेब्रुवारी १९४४ ला, बा तिथेच गेल्या. पुण्याला जाल तेव्हा त्यांची समाधी जरूर पाहा.

१९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला राहिले आणि गरिबाला परवडेल अशा निसर्गोपचाराचं काम तिथे सुरू केलं. मणिभाई देसाईंनी ते पुढे जन्मभर चालवलं. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीतलं शेवटचं उपोषण मौलाना आझादांनी दिलेल्या संत्र्याच्या रसानं सुटलं. आणि ३० जानेवारीला, शेवटच्या दिवशीही, पहाटे लिंबू-मध-गरम पाणी, मग संत्र्याचा रस, नंतर शेळीचं दूध, शिजवलेल्या आणि कच्च्या भाज्या, आलं, लिंबू आणि कोरफडीचा काढा, हा नेम चुकला नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. महागडं यंत्र नसेल तर अडत नाही. अर्धं गाजर, बिटाची फोड, काकडी, टोमॅटो, चार काड्या कोथिंबीर, थोडा पुदिना, दोन-तीनदा स्वच्छ धुवून मिक्सरला फिरवा. पेलाभर पाणी, वरून लिंबू, चिमूटभर मीठ. गाळू नका, चोथ्यातच पोट साफ ठेवणारा तंतू असतो. साखर नको. करून ठेवू नका, लगेच प्या. हवा लागली की 'क' जीवनसत्त्व कमी होत जातं.

दुधीचा रस करणाऱ्यांनी मात्र एक कानाला खडा लावावा. आधी छोटी फोड तोंडात घालून पाहा. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसानं विषबाधा होऊन माणसं दगावली आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही हेच बजावलं, शिवाय दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये असंही सांगितलं. पिऊन उलटी-जुलाब झाले तर तडक दवाखाना गाठा. मुतखडा असलेल्यांनी पालकाचा रस, आणि किडनीचा त्रास किंवा मधुमेह असलेल्यांनी कुठलाही रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. गोळ्या बंद करून रसावर राहणं तर मुळीच नको.

आणि आता खरं सांगायचं ते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे भिशीतल्या दहा जणींत पाच-सहा जणी. पालेभाजीत, डाळीत लोह असतं, पण ते अंगी लागायला 'क' जीवनसत्त्वाची मदत लागते, आणि जेवणाबरोबरचा चहा ते लागू देत नाही. म्हणजे बापूंनी भाजीवर पिळायला सांगितलेलं ते लिंबू सगळ्यात जास्त गरजेचं आहे ते आपल्यालाच. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात, त्याही घ्या, पण लिंबू काही महाग नाही.

आपल्या घरी काय होतं? यांना, सासऱ्यांना, मुलांना पेला हातात नेऊन देतो आणि उरला तर मिक्सरचं भांडं विसळून ते पाणी आपण पितो. उद्यापासून पाट्यावर असो की मिक्सरमध्ये, पहिला पेला स्वतःसाठी ओता. आणि उरलेल्यांना सांगा, गाजर किसायला हात लावा. बॅरिस्टर जात्यावर बसला होता, तुम्हाला किसणी धरायला काय झालं?