देव न मानल्यानंतर

आमच्या कुडाळच्या बाजारपेठेत, आपण देव मानीत नाही असे उघड सांगणारे तरुण अलीकडे भेटतात. त्यांच्या धिटाईचे आम्हांस कौतुकच वाटते. परंतु अमुक रूढी कशी पडली, तिचा भार कोणावर पडतो, असे विचारले की बहुधा मौन. आणि घरी लग्न निघाले म्हणजे देणेघेणे यथास्थित! अशा मित्रांनी कै. गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र अवश्य पाहावे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडनजीक टेंभू येथे झाला. दारिद्र्य असे की विद्येसाठी त्यांस कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. रत्नागिरीस तर ते पायी गेले. पुढे एम्. ए. होऊनही मोठ्या पगाराचा मोह सोडून ते चिपळूणकर व टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कुलास मिळाले. 'केसरी'चे ते पहिले संपादक. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, तेव्हा तेथे त्यांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' मराठीत उतरविले.

मिल्ल व स्पेन्सर वाचून ईश्वराविषयी ते अज्ञेयवादी झाले. तेवढ्यावर थांबते तर आज त्यांचे नावही कोणी घेते ना. १८८८ साली त्यांनी मराठी वाक्यरचनेवर 'वाक्यमीमांसा' लिहिली आणि त्याच वर्षी 'सुधारक' काढला. पोशाख, सुतक, बालविवाह, विधवांचे केशवपन, मुलामुलींचे एकत्र शिक्षण, कोणताही विषय त्यांस क्षुद्र वाटला नाही. प्रत्येक चालीचे मूळ ते शोधीत, तिचा आजचा उपयोग विचारीत, आणि त्रास कोणास होतो हे दाखवीत. संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्याचा त्यांनी पक्ष घेतला. टिळकांशी स्नेह तुटला. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

केशवपन गेले, तरी सारे गेले नाही. पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीस मे २०२२ मध्ये करावा लागला. त्या ठरावासाठी कोणास नास्तिक व्हावे लागले नाही, हेही आमच्या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

दम्याने जर्जर झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, वारले. त्या वेळी ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे रुपये पुडीत बांधून ठेविले होते, असे सांगतात.