सोजर्नर ट्रूथ : स्वतःच्या छायेची स्वामिनी

१७८७ साली इंग्लंडात जोसाया वेजवुड यांच्या कारखान्यात एक पदक तयार झाले. साखळदंडांनी जखडलेला एक कृष्णवर्णीय गुलाम गुडघे टेकून याचना करीत आहे, असे दृश्य त्यावर होते. पुढे अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी छापील चित्रांतही हीच आकृती वारंवार दिसू लागली. तिने पुष्कळांच्या मनात दया उत्पन्न केली. पण चित्रातील माणूस गुडघ्यांवरच राहिला. हे चित्र पालटणाऱ्या एका स्त्रीचे चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर परगण्यात सुमारे १७९७ साली इझाबेला नावाची मुलगी गुलाम आईबापांच्या पोटी जन्मली. तिची बोली डच होती. नऊ वर्षांच्या सुमारास मेंढ्यांच्या कळपासह तिचा शंभर डॉलरांना विक्रय झाला. नव्या धन्याची इंग्रजी तिला कळेना, म्हणून तिने फटके खाल्ले. घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी असलेल्या मुलांस शिकविताना आम्हांस या प्रसंगाची वारंवार आठवण होते.

१८२६ साली तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन तिने धन्याचे घर सोडले. तिचा लहानगा पीटर कायदा मोडून दूर अलाबामात विकला गेला होता. या निरक्षर मातेने न्यायालयात दाद मागितली आणि १८२८ साली मुलगा परत मिळविला. १८४३ मध्ये तिने सोजर्नर ट्रूथ, म्हणजे सत्याची प्रवासिनी, हे नाव धारण केले व गावोगाव व्याख्याने देत ती फिरू लागली.

यादवी युद्धाच्या काळात तिने आपली छायाचित्रे काढवून घेतली. त्यांत साखळदंड नाहीत, याचना नाही. डोळ्यांवर चष्मा, खांद्यावर शाल, हाती विणकाम, अशी ती ताठ बसली आहे. १८६४ साली या चित्रांचा हक्क तिने स्वतःच्या नावे नोंदविला आणि त्यांच्या विक्रीवर चरितार्थ चालविला. जिचा देह इतरांनी विकला, तिने आता स्वतःची छाया स्वेच्छेने विकली! दोन्ही व्यवहार विक्रीचेच. पण पहिल्यात ती वस्तू होती, दुसऱ्यात स्वामिनी.

त्याच वर्षी तिने राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची भेट घेतली. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचकांस अर्पण केला, तेव्हा ती हयात होती. २६ नोव्हेंबर १८८३ रोजी मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे तिचा अंत झाला.

तिची ती लहानशी चित्रे आज संग्राहक व संग्रहालये जिवापाड जपतात. विद्यार्थिमित्रहो, दया मोठी खरी. पण दुसऱ्याचा मान राखणे त्याहूनही मोठे, हेच ती चित्रे आपणांस शिकवितात.