बडी हॉली : सहा तबकड्यांतला माणूस

बडी हॉलीचे जवळजवळ सारे गाणे सहा तबकड्यांत मावते. 'द कंप्लीट बडी हॉली' नावाचा हा संच १९७९ साली इंग्लंडात निघाला. हॉलीच्या स्वतःच्या देशात, अमेरिकेत, तो यायला १९८१ साल उजाडले. घरच्यापेक्षा परक्या मुलखाने त्याची आठवण अधिक जपली, त्याचा हा पुरावाच म्हणायचा.

हा संच मी ओळीने ऐकला, रोज संध्याकाळी एक तबकडी. एरवी आपण गाजलेली चार गाणी ऐकतो आणि उठतो. ओळीने ऐकू लागले की गाण्यांच्या मागचा माणूस दिसू लागतो. पहिल्या तबकडीवर एक पोरगेला आवाज मित्राच्या जोडीने गात असतो. मग तो आवाज धीट होतो, खेळकर होतो. आणि शेवटच्या तबकड्यांवर एक चमत्कारिक गोष्ट घडते. गाणारा तोच असतो, पण त्याच्यामागे वाजवणारी मंडळी त्याच्या मृत्यूनंतर जमलेली असतात! हा प्रकार मला काही दिवस स्वस्थ बसू देईना. तो समजून घ्यायचा तर आधी हॉलीचे आयुष्य सांगायला हवे, आणि ते सांगायला फार वेळ लागत नाही. तो बाविसाव्या वर्षीच गेला.

चार्ल्स हार्डिन हॉली याचा जन्म ७ सप्टेंबर १९३६ रोजी टेक्सास राज्यातल्या लबक या गावी झाला. सपाट माळ, कापसाची शेती, धुळीची वादळे आणि पुष्कळशी चर्चे असा तो मुलूख. चार भावंडांत हा धाकटा. घरात पैसा बेताचा, पण गाणेबजावणे भरपूर. पाच वर्षांचा असताना थोरल्या भावांबरोबर तो एका स्पर्धेत व्हायोलिन घेऊन उभा राहिला. वाजवता तर येत नव्हते, म्हणून भावाने गजाला ग्रीस फासून ठेवले, म्हणजे आवाजच निघायला नको. भावंडांनी ती स्पर्धा जिंकली म्हणतात. पुढे तो पियानो शिकला आणि मग गिटार हाती आली ती कायमची.

त्या काळी लबकमध्ये गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी, आणि त्यांचे संगीतही वेगळे. गोऱ्या मुलाने ग्रामीण धाटणीची 'कंट्री' गाणी गावीत असा रिवाज होता. हॉली ती गात होताच. बॉब माँटगोमेरी या शाळासोबत्याबरोबर तो स्थानिक रेडिओ केंद्रावरही गात असे. पण रात्री मोटारीत बसून तो लुइझियानातले श्रीव्हपोर्टचे केंद्र लावी आणि कृष्णवर्णीयांचे 'ऱ्हिदम अँड ब्लूज' ऐके. हे दोन प्रवाह एकत्र मिळाले की रॉक अँड रोल होते, हे १९५५ साली एल्विस प्रेस्ली लबकला येऊन गेला तेव्हा त्याला प्रत्यक्ष दिसले. हॉली आणि बॉब त्या कार्यक्रमात आधी गायले होते. एल्विस देखणा होता, अंगाला हिसके देऊन गात असे. आपला नायक काटकुळा, जाड चष्म्याचा, बाकावरच्या हुशार मुलासारखा. त्याने एल्विसचे रूप घेण्याचा नाद सोडला हे त्याचे शहाणपण. चष्मा काढून स्टेजवर जायचे दिवसही लवकरच संपले.

१९५६ साली डेक्का कंपनीने त्याला नॅशव्हिलला बोलावले. करारपत्रात त्याच्या आडनावातले एक अक्षर गळाले आणि तेच नाव त्याने पुढे चालवले. नॅशव्हिलच्या जाणत्या मंडळींना या पोराचे काय करावे ते समजेना. त्या उन्हाळ्यात मुद्रित केलेले 'दॅटल बी द डे' हे गाणे कंपनीने कपाटात ठेवून दिले. जॉन वेनच्या 'द सर्चर्स' या चित्रपटातला नायक जे पालुपद वारंवार उच्चारतो, त्यावरून हॉली आणि त्याचा ढोलकवाला मित्र जेरी ॲलिसन यांनी हे गाणे रचले होते. वर्षअखेर करारही संपला.

तेव्हा ही मुले शंभरएक मैलांवर, न्यू मेक्सिको राज्यातल्या क्लोव्हिस गावी, नॉर्मन पेटी याच्या स्टुडिओत गेली. हा पेटी आपल्या कथेतला फार महत्त्वाचा आणि काहीसा संशयास्पद माणूस आहे. तो तासावर पैसे घेत नसे, गाण्यामागे घेई. त्यामुळे मुलांना रात्र रात्र खपून, चुकून, पुन्हा वाजवून पाहता येई. १९५७ च्या फेब्रुवारीत 'दॅटल बी द डे' तिथे नव्याने मुद्रित झाले. जुन्या करारानुसार हॉलीला ते स्वतःच्या नावाने पुन्हा गाता येत नव्हते, म्हणून 'द क्रिकेट्स' असे नाव घेतले. क्रिकेट्स म्हणजे रातकिडे. (आपल्या विद्यार्थ्यांना वेगळेच काही आठवेल, पण त्याला इलाज नाही.) सप्टेंबर १९५७ मध्ये हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले.

पुढच्या वर्षदीडवर्षातल्या तबकड्या ऐकताना माझा सगळ्यात अधिक वेळ गेला. त्यातल्या कल्पना आजही ताज्या वाटतात. 'एव्हरीडे' या गाण्यात ढोल नाहीच. ॲलिसन आपल्या मांड्यांवर थापा मारतो आणि पेटीची पत्नी व्हाय सेलेस्टा नावाचे घंटांसारखे किणकिणणारे वाद्य वाजवते. 'नॉट फेड अवे' मध्ये ॲलिसन पुठ्ठ्याचे खोके बडवतो. 'वर्ड्‌स ऑफ लव्ह' मध्ये हॉलीने आपल्याच आवाजावर आपलाच आवाज चढवला आणि एकटा दोघांसारखा गायला. 'पेगी सू' या गाण्यात ढोलाचा घुमारा पेटीने मधूनमधून वाढवत आणि घटवत नेला आहे. बहुतेक गाणी अडीच मिनिटांच्या आतबाहेरची. तीन मिनिटांच्या तबकडीत राग उभा करणाऱ्या आपल्या जुन्या गवयांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जागा थोडी मिळाली की माणूस नेमके बोलतो.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. 'क्रिकेट्स'च्या पहिल्या लाँग प्लेवर मागे जो समूहस्वर ऐकू येतो, तो बहुतेक ठिकाणी क्रिकेट्सचा नाहीच. 'द पिक्स' नावाच्या त्रिकुटाने तो मागाहून चढवला. म्हणजे एका फितीवर दुसरी फीत चढवणे हा प्रकार हॉलीच्या हयातीतच, त्याच्या माहितीने चालला होता. पेटीने दुसरीही एक भर घातली : गीतकारांच्या यादीत स्वतःचे नाव. 'पेगी सू' च्या पहिल्या तबकडीवर तर ॲलिसन आणि पेटी ही नावे होती, हॉलीचे नव्हते. ते नंतर आले.

मार्च १९५८ मध्ये हॉली इंग्लंडात पंचवीस दिवस गावोगाव गायला. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या काही पोरांनी पदरचे पैसे मोडून आपली पहिली तबकडी मुद्रित केली, तिच्या एका बाजूला 'दॅटल बी द डे' होते. त्या पोरांतले जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन पुढे बीटल्स झाले. हे नावही रातकिड्यांवरूनच सुचलेले. मॅकार्टनीने पुढे हॉलीच्या गाण्यांचे प्रकाशनहक्कच विकत घेतले.

१९५८ च्या उन्हाळ्यात हॉली न्यूयॉर्कच्या एका संगीतप्रकाशकाच्या कचेरीत गेला असता तिथे काम करणारी मारिया एलेना सांतियागो त्याला भेटली. मूळची ती पोर्तो रिकोची. पहिल्याच भेटीत त्याने लग्नाची मागणी घातली आणि १५ ऑगस्ट रोजी लबकला लग्नही झाले. बिऱ्हाड न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये थाटले. ऑक्टोबरात त्याने तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्याबरोबर चार गाणी मुद्रित केली. 'ट्रू लव्ह वेज' त्यांतलेच. वर्षअखेर पेटीशी आणि क्रिकेट्सशी त्याची फारकत झाली. पण मिळकतीचा पैसा पेटीच्या ताब्यातल्या खात्यात होता आणि तो सुटेना. घरी पत्नी गरोदर, हातात रोकड नाही. म्हणून ऐन हिवाळ्यातला एक दौरा त्याने पत्करला.

हा 'विंटर डान्स पार्टी'चा दौरा २३ जानेवारी १९५९ रोजी मिलवॉकीला सुरू झाला. चोवीस दिवसांत चोवीस गावे, आणि ती अशी आखलेली की आज इकडे तर उद्या शेकडो मैल तिकडे. बसमधली उष्णतेची यंत्रे बंद पडत. ढोलकवाला कार्ल बंच याचे पाय हिमदंशाने इतके सुजले की त्याला इस्पितळात ठेवावे लागले. २ फेब्रुवारीच्या रात्री आयोवातल्या क्लिअर लेक येथील कार्यक्रमानंतर हॉलीने लहान विमान भाड्याने घेतले. पुढच्या गावी आधी पोचून झोप काढावी, कपडे धुवावेत, एवढाच हेतू. माणशी छत्तीस डॉलर. वेलन जेनिंग्जने आपली जागा तापाने फणफणलेल्या जे. पी. रिचर्डसनला दिली. टॉमी ऑलसप नाणेफेक हरला आणि त्याची जागा सतरा वर्षांच्या रिची व्हॅलेन्सला मिळाली. निघताना हॉलीने जेनिंग्जला बस गारठून बंद पडो म्हणून चिडवले आणि त्यावर जेनिंग्जने विमान पडो अशी थट्टा केली. ही थट्टा जेनिंग्जला आयुष्यभर जाळत राहिली. मध्यरात्रीनंतर, विमानतळापासून काही मैलांवर, बर्फाने झाकलेल्या शेतात विमान कोसळले. एकवीस वर्षांच्या वैमानिकासह चौघेही गेले. मारिया एलेनाला ही बातमी दूरचित्रवाणीवरून कळली. त्या धक्क्यात तिचे मूलही गेले. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते.

आता त्या शेवटच्या तबकड्यांकडे वळू. डिसेंबर १९५८ मध्ये, न्यूयॉर्कच्या बिऱ्हाडात, हॉलीने आपल्या अँपेक्स टेपरेकॉर्डरवर सहा नवी गाणी गाऊन ठेवली होती. साथीला फक्त गिटार. हा कच्चा खर्डा होता, पुढे नीट मुद्रण करायचे म्हणून ठेवलेला. त्याच्या मृत्यूनंतर कंपनीने जॅक हॅन्सन या संगीतकाराला बोलावले आणि जून १९५९ पासून त्या फितींवर ढोल, गिटार, समूहस्वर चढवले. काही वर्षांनी फिती पेटीकडे आल्या. त्याने 'फायरबॉल्स' नावाच्या ताफ्याकडून त्यांवर पुन्हा नवा साज चढवला.

आमच्या एका विद्यार्थ्याने हे ऐकून विचारले, एकच गाणे तीनदा कशाला ऐकायचे? प्रश्न रास्त होता. मी त्याला 'क्राइंग, वेटिंग, होपिंग' तिन्ही तऱ्हांनी ऐकवले. हॅन्सनची आवृत्ती टापटिपीची आहे. फायरबॉल्सची वाजवणारी मंडळी अधिक जिवंत आहेत, पण गाणाऱ्याला ढकलत नेतात. नुसत्या गिटारवरचा हॉली मात्र कुठेच जायच्या घाईत नाही. तो शब्दापाशी थांबतो, पुढे जातो. मला विचाराल तर गाणे ते आहे.

तरीही हॅन्सनला सरसकट दोष देणे मला जमत नाही. १९५९ साली नुसत्या गिटारवरचा कच्चा खर्डा कोणत्या कंपनीने विकला असता? आणि त्यातून निघालेली एक गोष्ट तर मती गुंग करते. १ जानेवारी १९६२ रोजी बीटल्स लंडनमध्ये डेक्का कंपनीपुढे परीक्षेला बसले, तेव्हा त्यांनी हेच गाणे वाजवले. मधला गिटारचा तुकडा हॅरिसनने तबकडीवरून घोटून घेतला होता. तो तुकडा हॉलीचा नाहीच! न्यूयॉर्कच्या एका साथीदाराने तो हॉली गेल्यावर वाजवला होता. पोरे हॉलीकडून शिकत होती असे त्यांना वाटत होते, आणि शिकत होती ती त्याच्या फितीवर बसवलेल्या परक्या बोटांकडून. बिचाऱ्या साथीदाराला याची गंधवार्ता तरी होती की नाही कोण जाणे.

माझा राग आहे तो न विचारण्यावर. हयातीत आवाजावर आवाज चढवणारा हॉली स्वतःच होता. 'पिक्स'ना तो नको म्हणू शकत होता. डिसेंबरातल्या त्या सहा गाण्यांबाबत नको म्हणायला कोणी उरले नव्हते आणि फिती, हक्क, पैसा हे सारे दुसऱ्यांच्या हातांत होते.

ती सहाही गाणी, घरच्या इतर मुद्रणांसह, वर काहीही न चढवता 'डाउन द लाइन' या संग्रहात २००९ साली निघाली. त्याच संग्रहाच्या आरंभी १९४९ साली घरी मुद्रित केलेले एक गाणे आहे, तेव्हा तो बारातेरा वर्षांचा होता. दोन टोकांची ही मुद्रणे सारख्याच एकट्या आवाजाची आहेत. फक्त शेवटच्या टोकाला खोलीत आणखी कोणी तरी आहे. एका ठिकाणी फीत चालू राहिली आहे आणि नवराबायको आपसात बोलताना ऐकू येतात.