विश्लेषण : डॉ. आंबेडकर ‘सिडनहॅम’मध्ये काय शिकवत होते?

राज्यघटनेचे शिल्पकार ही ओळख एवढी मोठी आहे की, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुळात व्यापार आणि चलनाचे अभ्यासक होते हे सहसा आठवत नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारताच्या परदेशी व्यापारावर प्रबंध लिहिला.

शिक्षण होते, मग व्यवसाय का नाही?

१९१७ मध्ये परतल्यावर जातीच्या छळामुळे बडोद्याची नोकरी सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअर व्यवहारांत सल्ला देणारी पेढी काढली. गिऱ्हाईक येऊ लागले. सल्लागाराची जात कळताच थांबले. सल्ला चुकला म्हणून नव्हे! पेढी बंद पडली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. बँका आणि पेढ्यांत जाऊ पाहणाऱ्या तरुणांचे हे वाणिज्य महाविद्यालय. ज्या बाजाराने त्यांना दार लावले, त्याच बाजारात शिरणाऱ्यांना ते आता शिकवत होते. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी फारशी दखल घेतली नाही. नंतर इतर कॉलेजांतली मुलेही तासाला येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी पिण्याला मात्र काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता.

रुपया घसरला, तर फायदा कुणाचा?

पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांवर ते १९२० मध्ये लंडनला गेले. तिथला रुपयावरचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. चांदी उतरली की तेवढ्याच पौंडांचे जास्त रुपये हाती येत. निर्यातदार खूश, म्हणून देशाचेही भले, असा समज होता. आंबेडकरांनी हिशेब पुढे नेला. रुपया स्वस्त झाला की वस्तूंचे भाव चढतात. मजुरी तेवढी चढत नाही. म्हणजे निर्यातदाराचा जादा नफा बऱ्याच अंशी मजुराच्या पोटातून येतो. रुपया घसरल्याची बातमी आजही येते, तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही.

परतल्यावर वकिलीचा जम बसेपर्यंत ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत १९२५ ते १९२८ व्यापारी कायदा शिकवत होते. १९२५ मध्येच चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. कोलंबियातला व्यापारावरचा प्रबंध मात्र त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. राज्य सरकारने तो १९९३ मध्ये समग्र वाङ्मयाच्या १२व्या खंडात प्रसिद्ध केला.