संस्थांची मोट बांधणारे डॉ. चिं. गो. पंडित

'एम्स'ची पायरी चढावी लागली नाही, असे दिल्लीतील मराठी कुटुंब विरळाच. त्याच अन्सारी नगरात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे, म्हणजेच आयसीएमआरचे मुख्यालय आहे. या परिषदेचे पहिले संचालक एक मराठी गृहस्थ होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ते म्हणजे डॉ. चिंतामण गोविंद पंडित.

त्यांचा जन्म २५ जुलै १८९५ चा. मुंबई विद्यापीठाची पदवी आणि लंडनची पीएच.डी. मिळवून त्यांनी मद्रासजवळील गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये अनेक वर्षे संशोधन केले, तिचे संचालकपदही भूषविले. १९४८ मध्ये त्यांच्याकडे इंडियन रिसर्च फंड असोसिएशनची सूत्रे आली. १९४९ मध्ये हीच संस्था आयसीएमआर झाली. १९६४ पर्यंत तिची धुरा पंडितांनी वाहिली.

देश नवा, पैसा तुटपुंजा आणि रोग अनेक! एकट्या संस्थेच्या आवाक्यातले हे काम नव्हते. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसेही तापाने फणफणली. गोचिडींमार्फत पसरणारा नवा विषाणू याच केंद्राने शोधून काढला.

क्षयरोगाचे काम तर याहून मोठे. रुग्ण लाखो आणि सॅनिटोरियममधील खाटा मोजक्या. १९५६ मध्ये मद्रासला आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून एक केंद्र सुरू केले. दाटीवाटीच्या घरात राहून औषध घेणारा गरीब रुग्ण बरा होईल का? घरच्यांना जास्त लागण होईल का? १९५९ मध्ये उत्तर आले : घरचा उपचार सॅनिटोरियमइतकाच गुणकारी ठरतो आणि घरच्यांचा धोकाही त्यामुळे वाढत नाही. असंख्य कुटुंबांची ताटातूट त्यामुळे टळली.

दोन खात्यांचे एका कागदावर एकमत होणे किती कठीण, हे सरकारी कचेरीत काम करणाऱ्या आपल्या सभासदांना सांगायला नको. पंडितांच्या कारकिर्दीत तर सरकारे, रुग्णालये, प्रयोगशाळा आणि परदेशी संस्था एका कामाला जुंपल्या गेल्या.

१९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९१ मध्ये ते निवर्तले. पुण्याचे ते केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. जानेवारी २०२० मध्ये देशातील पहिल्या कोरोना रुग्णाचे निदान तेथेच झाले.

विद्येच्या या निष्ठावंत उपासकास आपल्या मंडळाचे विनम्र अभिवादन!