आंत्वान ऑग्युस्तँ कुर्नो

आंत्वान ऑग्युस्तँ कुर्नो (२८ ऑगस्ट, १८०१:ग्रे, फ्रान्स - ३१ मार्च, १८७७:पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच गणितज्ञ, तत्त्वज्ञ व अर्थशास्त्रज्ञ होते. मोजक्या उत्पादकांमधील स्पर्धेचे त्यांनी मांडलेले गणित आज वीजबाजाराच्या अभ्यासात वापरले जाते.

जीवन

कुर्नो यांनी १८२१मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये प्रवेश घेतला. परंतु पुढच्याच वर्षी सरकारने ती संस्था बंद केली व त्यांना सॉरबॉन येथे शिकावे लागले. १८२३पासून दहा वर्षे ते मार्शल गूव्हियों सँ-सीर यांच्या घरी चिटणीस व शिक्षक होते. गणितज्ञ प्वासों यांच्या पाठिंब्यामुळे १८३४मध्ये त्यांना लियों येथे प्राध्यापकपद मिळाले. पुढे ते ग्रेनोब्ल व दिजों येथे शिक्षण विभागाचे प्रमुख झाले. अधू दृष्टीचा त्रास त्यांना आयुष्यभर होता.

१८३८चा ग्रंथ

संपत्तीच्या सिद्धांतामागील गणिती तत्त्वांवरील त्यांचा ग्रंथ १८३८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांच्या मालकांचे उदाहरण आहे. दुसरा किती पाणी विकणार हे गृहीत धरून प्रत्येक जण आपल्या विक्रीचे प्रमाण ठरवतो. एकूण प्रमाणावरून किंमत ठरते. उत्पादनखर्च शून्य आणि मागणीचा आलेख सरळ रेषेत असल्यास, पूर्ण स्पर्धेत विकले जाईल त्याच्या निम्मे पाणी एकटा मक्तेदार विकतो, तर दोघे मिळून दोन-तृतीयांश विकतात. जॉन नॅश यांनी १९५०मध्ये मांडलेल्या समतोलाचे हे पूर्वरूप होय.

ग्रंथाकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. १८६३मध्ये कुर्नो यांनी समीकरणे गाळून तोच विषय पुन्हा लिहिला; त्यालाही वाचक लाभले नाहीत. लेओं वाल्रास यांनी मात्र त्यांचे ऋण मान्य केले. उत्पादक प्रमाण नव्हे तर किंमत ठरवतात, असा आक्षेप जोझेफ बेर्त्रां यांनी १८८३मध्ये घेतला. तेव्हा कुर्नो हयात नव्हते.

वीजबाजारातील उपयोग

बेर्त्रां यांचा आक्षेप विजेच्या बाबतीत बराच लंगडा पडतो. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अवघड असते आणि केंद्रांची क्षमता मर्यादित असते. त्यामुळे एखादा संच बंद ठेवून उरलेल्या विजेला चढा भाव मिळवणे मोठ्या कंपनीला शक्य होते. बोरेनस्टाइन व बुशनेल यांनी १९९९मध्ये याच प्रतिमानाने कॅलिफोर्नियातील बाजार तपासून, मागणी जास्त असलेल्या तासांत असा धोका असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी तेथे वीजसंकट उद्भवले. मात्र किंमत वाढूनही मागणी घटत नसेल, तर या प्रतिमानातील किंमत अवास्तव फुगते. शिवाय प्रत्यक्षात कंपन्या एकच आकडा न देता किंमत व प्रमाण यांची संपूर्ण श्रेणी बोलीत देतात. त्यासाठी क्लेम्परर व मेयर यांचे १९८९चे पुरवठा-फलन प्रतिमान वापरले जाते.